आज्ञार्थ

व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. या चौघांत आज्ञार्थाच्या वाट्याला आलेले आयुष्य मोठे चमत्कारिक आहे. त्याच्या नावात अधिकार आहे. पण व्यवहारात त्याला कुणी उभे करीत नाही. 'चहा दे' असे स्वच्छ वाक्य उच्चारण्याची छाती फार थोड्या नवऱ्यांना असते. बाकीचे आपले 'आज चहा होणार आहे का?' अशा प्रश्नार्थक आडवाटेने जातात. कचेरीत साहेब म्हणतात, 'भाऊसाहेब, ही फाईल तेवढी बघून ठेवाल ना?' आणि भाऊसाहेब म्हणतात, 'बघू की.' आडपडदा न ठेवता आज्ञार्थात आपण बोलतो ते फक्त देवाशी. धाव, पाव, तार, सांभाळ! तिथे मात्र भीडभाड नाही.

देवाच्या खालोखाल ज्याच्याशी निखळ आज्ञार्थात बोलावे लागते, असा दुसरा श्रोता मला भेटला तो म्हणजे टेबलावरचा संगणक. फरक एवढाच, की देवाला आपल्या मनातले कळते अशी आपली श्रद्धा असते. संगणकाला मनातले काहीएक कळत नाही. जे लिहिले तेवढेच त्याला कळते, आणि जे लिहिले ते सगळे तो करतो. या एका वाक्यात एक अख्खे शास्त्र सामावलेले आहे.

आता कुणी म्हणेल, की मराठीच्या प्राध्यापकाने ज्ञानेश्वरी सांगावी, फार तर शुद्धलेखनावरून भांडावे. संगणक ही गणितवाल्यांची मिरास आहे. माझा अनुभव उलट आहे. संगणकाला हुकूम लिहून देण्याचे काम गणितापेक्षा व्याकरणाला जवळचे आहे. शब्दांचा क्रम, दोन शब्दांमधली मोकळी जागा, अवतरणचिन्हे, ऱ्हस्व-दीर्घ यांवाचून तिथे पान हलत नाही. आणि याच गोष्टींसाठी विद्यार्थ्यांचे शिव्याशाप खात ज्याने वीस वर्षे काढली, त्याला तिथे माहेरी आल्यासारखे वाटले तर त्यात नवल ते काय?

बहुतेकांचा संगणकाशी व्यवहार खुणांचा असतो. चित्रावर बाण न्यायचा आणि टिचकी मारायची. परक्या मुलखातल्या बाजारात बोटाने दाखवून वस्तू घ्यावी, तसे हे आहे. एक नारळ घ्यायला बोट पुरते. पण 'या ढिगातले जे नारळ गेल्या महिन्यानंतर आले असतील आणि ज्यांना शेंडी असेल, तेवढे बाजूला काढा, त्यांवर आजची तारीख घाला आणि किती भरले ते सांगा,' हे कोणत्या बोटाने सांगणार? त्याला भाषाच लागते. ही भाषा बोलण्याची खिडकी प्रत्येक संगणकात असते. लिनक्समध्ये तिला टर्मिनल म्हणतात. विंडोजमध्ये २००६ पासून पॉवरशेल आलेले आहे. चित्र नाही, बटण नाही. बहुधा काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, यंत्र बिघडले. वास्तविक यंत्र कान देऊन बसलेले असते.

या भाषेची वाक्यरचना सोपी आहे. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येते. इथे ते सर्वांत पुढे. मग एका आडव्या रेघेमागून येतात क्रियाविशेषणे, आणि शेवटी कर्म. 'नक्कल कर, आतल्या सगळ्यांसकट, या पेटीची, त्या कपाटात.' झाले वाक्य. अशी दहा वाक्ये क्रमाने एका फाईलीत लिहून ठेवली की तिला स्क्रिप्ट म्हणतात. एकदा लिहावी आणि वर्षानुवर्षे तिच्याकडून काम करून घ्यावे. घरोघरी मसाल्याचे प्रमाण लिहिलेली एक जीर्ण वही असते ना? जातीने तीच ही वस्तू.

मला ही भाषा शिकावी लागली ती हौसेने नव्हे, ओव्यांपायी. आमच्या विभागाचा वीस-बावीस वर्षांचा एक रिवाज आहे. सुट्टीत मुलांनी आपापल्या गावी जाऊन आजीकडून, आत्याबाईंकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणायच्या. तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी, सगळ्या तालुक्यांतून वह्या येत. जाती तोवर अंगणात पालथी पडली होती, दळण गिरणीत जात होते. पण ओव्या त्या बायकांच्या ओठांवर होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या डोंगरापुढे आमचे काम मुंगीएवढे. पण मुंगीने आणलेला दाणाही दाणाच असतो. त्या वह्या बाजारातल्या टंकलेखनाच्या दुकानांतून टाइप करून घेतल्या जात आणि फायली विभागाच्या संगणकात ठेवल्या जात.

पुढे नवे संगणक आले. एके दिवशी एका विद्यार्थिनीने जुनी फाईल उघडली आणि ती म्हणाली, "सर, या ओव्या इंग्रजीत कुणी लिहिल्या?" पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांच्या खुणा आणि उद्गारचिन्हे यांची भेळ झाली होती. त्यात ना विठ्ठल दिसत होता, ना माहेर.

यातले इंगित समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी मराठी टाइप करण्याच्या ज्या अनेक तऱ्हा बाजारात होत्या, त्यांत संगणकाच्या पोटात रोमन अक्षरेच साठवली जात. फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचे सोंग चढवलेले असे. 'फाँट' नावाचे ते सोंग जोवर संगणकात आहे तोवर मराठी दिसायची. ते नसले की आतले अंग उघडे. शिवाय प्रत्येक दुकानदाराचे सोंग निराळे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण १९९१ साली ठरले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि जगातल्या लिप्यांना स्वतःचे क्रमांक मिळू लागले. देवनागरीच्या वाट्याला १२८ घरांची एक आळी आली. पण सरकारी प्रमाण गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचायला काळ जातो. तोवर आमच्या ओव्या सोंगातच लिहिल्या गेल्या.

फायली निघाल्या पंधराशेच्या घरात. एकेक उघडून, मजकूर उचलून, बदलून, पुन्हा ठेवायला चार मिनिटे धरली तरी सहा हजार मिनिटे होतात, म्हणजे शंभर तास. आणि शंभर तास तेच तेच करणारा माणूस विसाव्या तासापासून चुका करू लागतो. इकडे ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतल्या पुष्कळ आज्या आता नाहीत. पुन्हा विचारायला जावे तर घराला कुलूप. साक्षीदार म्हणून ती एकच फाईल उरलेली, आणि तीही मुकी. म्हणून मी काळ्या खिडकीपाशी बसलो.

या खिडकीतली हत्यारे आजची नव्हेत. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सचा पाया घातला. त्यांचे सहकारी डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ साली तिच्यात 'पाइप' आला, म्हणजे एका हत्यारातून निघालेला मजकूर थेट दुसऱ्या हत्यारात सोडणारी नळी. पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी हत्यारे सर्वांना मोकळी मिळावीत म्हणून ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज धाराशिवच्या एखाद्या प्राध्यापकाला ही सारी संपत्ती फुकट मिळते, हे या युगाचे एक नवलच म्हटले पाहिजे.

या हत्यारांमागचे तत्त्व आमच्याकडच्या कोणत्याही म्हातारीला सांगितले तर ती हसेल, इतके ते तिच्या ओळखीचे आहे. ज्वारीचे दळण करायचे म्हणजे आधी चाळण, मग सुपाने पाखडणे, मग खडे वेचणे आणि मग जाते. चाळणी दळीत नाही आणि जाते पाखडीत नाही. प्रत्येकाने आपले एक काम नीट करावे आणि दाणे पुढे द्यावेत. इथेही तसेच. 'ग्रेप' ही चाळणी : हवा तो शब्द ज्या ओळीत असेल तेवढ्याच ओळी ती खाली सोडते. 'सेड' हा मुद्रितशोधक : जिथे अमुक दिसेल तिथे तमुक कर. 'ऑक' हा रकाने वाचणारा कारकून. 'सॉर्ट' ओळी लावतो, 'युनिक' लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एक करून किती होत्या ते सांगतो. पंधराशे फायलींत कोणता शब्द कितीदा आला, हे काढायला मला नवा प्रोग्रॅम लिहावा लागला नाही. शब्द तोडा, एका ओळीवर एक मांडा, लावा, मोजा, पुन्हा मोठ्या आकड्यापासून लावा. पाच छोटी हत्यारे आणि मध्ये चार नळ्या. नवशिक्याला माझा पहिला सल्ला हाच, की एकदम मोठी स्क्रिप्ट लिहू नये. एक हत्यार चालवावे, काय निघाले ते पाहावे, मग पुढची नळी जोडावी.

अर्थात हत्यार परदेशी आहे, त्याला मराठीचे वळण लावावे लागते. 'मराठी' या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले पोर सांगेल, तीन. मोजणी करणाऱ्या 'डब्ल्यूसी'ला वर्ण विचारले तर तो म्हणतो पाच, कारण काना आणि वेलांटी तो वेगळी धरतो. आणि नुसते बाइट विचारले तर म्हणतो पंधरा, कारण युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांची जागा अडवतो. तिघेही खरे. म्हणून मोजण्यापूर्वी आपण काय मोजतो आहोत ते ठरवावे. तसेच अकारविल्ह्याचे. यंत्राला भाषा सांगितली नाही तर ते नुसत्या क्रमांकांवरून शब्द लावते आणि आपला 'ळ', जो मराठी कोशात 'ह'नंतर बसतो, त्याला नेऊन 'ल'च्या मांडीला मांडी लावून बसवते. सॉर्टला आधी भाषा सांगावी आणि मग 'ळ' कुठे बसला ते पाहूनच यादी स्वीकारावी.

आता मूळ प्रश्न, सोंग उतरवण्याचा. वरवर पाहता हे काम नुसत्या अदलाबदलीचे आहे : या रोमन खुणेऐवजी तो मराठी वर्ण. पण पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या तऱ्हांत ती आधी साठवलेली असे. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो. त्यात आधी 'क', मग वेलांटी. म्हणून अदलाबदल झाल्यावर सेडला आणखी सांगावे लागते, की पहिल्या वेलांटीपुढे जे व्यंजन असेल त्याच्या पलीकडे तिला नेऊन बसव. आणि ते 'स्थिती'तल्यासारखे जोडाक्षर असेल तर सगळ्या जोडाक्षराच्या पलीकडे. रफाराचा प्रवास नेमका उलट : 'सूर्य' शब्दात तो दिसतो शेवटी आणि बसवावा लागतो 'य'च्या आधी. हे नियम लिहिताना मला वाटले, की वर्णमाला मी आजवर शिकवीत होतो, आज शिकतो आहे.

नियम लिहून झाले की हात शिवशिवतात. वाटते, सोडून द्यावा हुकूम पंधराशे फायलींवर. नेमक्या याच क्षणी आपल्या जिल्ह्यातल्या एका संताची आठवण ठेवावी. तेरचे गोरोबाकाका कुंभार. संतमेळ्यातली मंडळी त्यांच्या घरी जमली असता, यांतले पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते ते पाहा, असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले, अशी कथा आहे. प्रत्यक्ष नामदेवांचे मडके कच्चे ठरले! स्क्रिप्टचे मडके असेच थापटून पाहावे. आधी मूळ फायलींची नक्कल करावी आणि मूळ प्रतीला हात लावू नये. मग सगळ्या तालुक्यांतली एकेक फाईल घेऊन तेवढ्यांवरच हुकूम चालवावा. आणि हुकूम मोडतोडीचा असेल तर त्यापुढे 'इको' हा शब्द लावावा. म्हणजे यंत्र ते काम न करता, काय करणार होते ते नुसते बोलून दाखवते. आपण वाचावे, समाधान झाले तर 'इको' काढावा.

या थापटण्यात आमच्या स्क्रिप्टमधले एक कच्चे मडके निघाले. ओवीत 'डोंगरदऱ्या' होत्या, पडद्यावर आल्या 'डोंगरदर्या'! मराठीच्या त्या अर्ध्या 'ऱ'साठी वेगळा नियम लागतो. तो नसेल तर दरी एका फटकाऱ्यात समुद्राला मिळते. आठ फायलींवर दिसले म्हणून आठांवरच थांबले. नियम घातला, पुन्हा थापटले, आणि मगच सारी भट्टी लावली. यंत्राला काही मिनिटे लागली. नंतरच्या वाचनाला मला आणि चार विद्यार्थ्यांना दोन महिने लागले. या दोन आकड्यांची तुलना करून कुणी यंत्राला मोठे म्हणू नये आणि आम्हालाही. कष्टाचा भाग त्याने केला, शहाणपणाचा आम्हाला करू दिला, एवढाच त्याचा अर्थ.

सेडचे काम पाहताना मला राहून राहून शनिवारवाडा आठवतो. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्यांना 'धरावे' अशा हुकमातला 'ध' बदलून कुणी 'मा' केला आणि गारद्यांनी त्याप्रमाणे केले, ही आख्यायिका मराठी माणसाला पाठ आहे. इतिहासकार तिला काय म्हणायचे ते म्हणोत; संगणकाच्या अभ्यासकाने ती भिंतीवर लिहून ठेवावी. एका अक्षराची अदलाबदल, आणि हुकूम पाळणारा प्रश्न न विचारणारा. सेड दुसरे काय करतो? आणि यंत्राइतका एकनिष्ठ गारदी तर त्या काळीही मिळाला नसता.

हा 'ध चा मा' आमच्या दाराशीच आला होता. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून आमच्या गावाला उस्मानाबाद म्हणत. २०२३ साली शहराचे आणि मग जिल्ह्याचेही नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. सगळीकडे पत्रशीर्षे, अर्ज, दाखल्यांचे नमुने बदलण्याची घाई उडाली. कुणीतरी सुचवले, "सर, तुमच्या त्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहा आणि सगळ्या फायलींत उस्मानाबादचे धाराशिव करून टाका." ओळ खरोखरच एक होती. पण मी आधी चाळणी लावली आणि नाव कुठे कुठे आहे तेवढे पाहिले.

काय काय निघाले म्हणता! जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली त्र्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, ते त्या वेळच्या उस्मानाबादेत. त्याची निमंत्रणपत्रिका आम्ही आज कशी बदलणार? पुस्तकांच्या सूचीत प्रकाशनस्थळ म्हणून जे छापले आहे ते तसेच राहिले पाहिजे. लोकसभेच्या मतदारसंघाचे नाव २०२४ च्या निवडणुकीतही उस्मानाबादच होते. 'उस्मानाबादेत'चे यंत्राने 'धाराशिवेत' केले असते, जे कोणत्याही तालुक्यात कुणी बोलत नाही. आणि 'उस्मानाबादी शेळी'! ही शेळ्यांची नामांकित जात आहे. तिची यंत्राने क्षणात 'धाराशिवी शेळी' करून ठेवली असती आणि बिचारीला स्वतःचीच ओळख पटली नसती.

पण मला थांबवले ते ओव्यांनी. नाव बदलण्याच्या कितीतरी वर्षे आधी उतरवून घेतलेल्या फायलींत काही आज्यांनी 'धाराशिव' म्हटले होते, काहींनी 'उस्मानाबाद'. सरकारी कागदावर एक नाव असताना जात्यावर दुसरे नाव जिवंत होते, याचा तो पुरावा. सरसकट बदल केला असता तर दोन्ही सारखी झाली असती आणि 'धाराशिव' हे नाव लोकांनी जपले होते, ही साक्षच पुसली गेली असती. तीही त्या नावाच्या सन्मानार्थ! म्हणून नियम केला : जे कागद उद्या निघायचे आहेत त्यांत नाव बदलावे, जे काल निघाले त्यांना हात लावू नये. दोन्हींची कपाटे वेगळी केली आणि स्क्रिप्टला एकाच कपाटाचा पत्ता दिला. हा विवेक सेडमध्ये नसतो. तो लिहिणाऱ्यात असावा लागतो.

संगणकाचा संसार नीट चालवायचा तर आणखी चार गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. त्या आजीबाईच्या बटव्यासारख्या सांगून टाकतो.

सगळ्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून रोजची कामे करू नयेत. संगणकात एक मालक असतो, त्याला लिनक्समध्ये 'रूट' म्हणतात. त्याला कुणी अडवीत नाही. आपण साध्या नावाने वावरावे आणि गरज पडेल तेवढ्या एका हुकमापुरता मालकाचा अधिकार मागून घ्यावा. फायलींच्या नावात मोकळी जागा सोडू नये, कारण यंत्र तिथे शब्द तोडते. सोडलीच असेल तर नाव अवतरणचिन्हांत घालावे. 'जुने*' पुसून टाक म्हटले तर 'जुने'ने सुरू होणाऱ्या फायली जातात. 'जुने' आणि फुलीच्या मध्ये चुकून एक जागा सुटली तर तिथले सगळेच जाते, आणि 'आरएम'ने पुसलेले केराच्या टोपलीतही सापडत नाही. नावात तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे दोन-दोन आकड्यांत लिहावे. फायली आपोआप कालक्रमाने उभ्या राहतात.

स्क्रिप्टमधली एक ओळ फसली तरी यंत्र सहसा पुढच्या ओळीवर जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 'त्या खोलीत जा. तिथले सगळे झाडून टाक.' समजा, खोलीचे दार उघडलेच नाही. तर हा आज्ञाधारक नोकर उभा आहे तीच खोली झाडून मोकळा होतो! म्हणून तिथे संकेतार्थ वापरावा : 'जाता आले, तरच झाड.' त्यासाठी दोन हुकमांमध्ये जोडखूण असते. ती शिकून घ्यावी. यंत्र तक्रार करते ती तिरसट इंग्रजीत, पण सहसा खोटे बोलत नाही. ती खिडकी बंद करण्यापूर्वी एकदा वाचावी. संगणक मंदावला, फाईल साठेना, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी 'डीएफ'ला विचारावे, की कोठारात जागा किती उरली. आणि 'डीयू'ला विचारावे, की कुणी अडवली.

आणि नकला ठेवाव्यात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. दुसऱ्या गावी का, हे आमच्या जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असता, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात दगडमातीची घरे बसली. माणसे गेली तिथे कागदांची कोण गणती करणार? पण गेलेल्या माणसांची उरलेली नावे, पत्रे, वह्या यांचे मोल त्यानंतरच कळते. रोजची नक्कल 'आरसिंक' करतो; तो फक्त बदललेले तेवढे उचलतो. ठरल्या वेळी त्याला हाक मारायला 'क्रॉन' हा पहारेकरी असतो. मात्र त्या वेळी संगणकच बंद असेल, वीज गेलेली असेल, तर क्रॉनची हाळी वाया जाते. घरच्या संगणकाला 'ॲनाक्रॉन' बरा. यंत्र सुरू झाले की तो राहिलेले काम आठवणीने करतो. आणि नक्कल आहे एवढ्यावर निजू नये, ती उघडून पाहावी. आमचे शेतकरी सोयाबीनचे घरचे बी पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतात. सत्तर उगवले तर बी पेरायचे. न उघडलेली नक्कल म्हणजे न तपासलेले बी.

शेवटची गोष्ट टिपांची. स्क्रिप्टमध्ये ज्या ओळीच्या आरंभी एक जाळीदार खूण असते ती ओळ यंत्र वाचीत नाही; ती माणसासाठी असते. तिथे 'काय केले' हे लिहू नये, ते खालचा हुकूमच सांगतो. 'का केले' ते लिहावे. आमच्या स्क्रिप्टमध्ये अशी एक ओळ आहे : 'ओव्यांतले गावाचे नाव बदलू नये, आजीने जे म्हटले ते तसेच.' उद्या माझ्या जागी कुणी दुसरे येईल आणि त्याला वाटेल, हे एवढे कपाट का सोडले, यालाही टाका लावू. त्या वेळी ही एक ओळ त्याचा हात धरील, अशी माझी आशा आहे.

असा हा संगणकाशी चाललेला संवाद. त्याला आज्ञार्थ कळतो, सांगितला तर संकेतार्थ कळतो, आणि आपले झालेले काम तो स्वार्थात कळवतो. व्याकरणातला एकच अर्थ त्याला येत नाही, तो म्हणजे विध्यर्थ. करावे की करू नये, बदलावे की जपावे, हा प्रश्न त्याला कधीच पडत नाही. तो आपल्याला पडला पाहिजे, आणि बोट कळीवर टेकण्याच्या आधी पडला पाहिजे. चौथा अर्थ माणसाने यंत्राच्या हवाली करू नये. तो आपल्याकडे ठेवावा, आणि उरलेले तीन खुशाल त्याला देऊन टाकावेत.